कागदावरचं 'नॉर्मल' आणि शिकलेला हात

गेल्या महिन्यात आमच्या भागात महिला आरोग्य शिबिर झालं. वजन, बीपी, शुगर, तोंडाची तपासणी असे एकामागून एक रकाने भरत गेले. शेवटचा रकाना होता 'स्तन तपासणी'. कागद हातात आला तेव्हा त्यापुढे 'नॉर्मल' लिहिलेलं होतं.

मला कोणी हात लावला नव्हता. माझ्या पुढच्या आणि मागच्या बाईलाही नाही. शाळेचा हॉल, दोन टेबलं, दीडशेक बायका, खिडकीत उभी असलेली पोरं, आणि पडदा कुठेच नाही. खरं सांगते, त्या सिस्टरचा मला राग आला नाही. जागाच नव्हती, तर ती बिचारी तपासणार कुठे? पण रकाना रिकामा ठेवून चालत नाही. मग 'नॉर्मल'.

घरी येऊन तो कागद फाईलला लावताना मला आक्का आठवली.

आक्का म्हणजे माझ्या आईची मावशी. १९८० च्या आसपासची गोष्ट. तिला गाठ लागली होती आणि तिने ती दोन वर्षं कोणाला दाखवली नाही. ब्लाऊजच्या आत जुन्या धोतराची घडी ठेवायची. माझ्या आजीने एकदा विचारलं तर म्हणाली, "दुखत नाही काही. मग दाखवायचं काय?" जखम झाली, वास यायला लागला, तेव्हा घरात कळलं. मुंबईला नेलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. गावात सांगितलं, आक्काला छातीचा आजार आहे. लोकांना टीबी वाटला. आम्ही तो गैरसमज दूर केला नाही, कारण टीबी हा शब्द सांगता येत होता आणि दुसरा नव्हता.

ही पोस्ट मोठी आहे, पण बायकांनी वाचा आणि पुरुषांनी तर वाचाच. बाईच्या छातीला हात कोणी लावायचा, कसा आणि कशासाठी, हा आपल्याला घरातल्या लाजेचा प्रश्न वाटतो. पण त्याला मोठा इतिहास आहे. आणि त्यावरचा जगातला एक फार महत्त्वाचा अभ्यास कुठे परदेशात नाही, आपल्या मुंबईच्या वस्त्यांमध्ये झालाय.

सुरुवात फार मागून करते.

इजिप्तमध्ये एक वैद्यकीय लेख सापडला आहे, एडविन स्मिथ पपायरस नावाचा. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ती प्रत, आणि मूळ मजकूर त्याहून जुना मानतात. त्यात छातीवरच्या गाठींच्या रुग्णाबद्दल वैद्याला सूचना आहे, की हात ठेवून बघ. गाठ गार लागते का, ताप आहे का, आत पाणी किंवा पू जाणवतो का. गार, टणक, पू नसलेली गाठ असेल तर त्यावर इलाज नाही, असं तिथे सरळ लिहून ठेवलंय. आणि पू धरलेलं गळू असेल तर त्याचे उपचार वेगळे दिलेत. म्हणजे नुसत्या हाताने दोन आजार वेगळे करायचं काम माणूस तेव्हाही करत होता. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही स्तनरोगाचा आणि स्तनातल्या गळवाचा स्वतंत्र विचार आहे.

त्यानंतर हजारो वर्षं या हाताला साधन असं फारसं काही मिळालं नाही. लंडनचा सर्जन ॲस्टली कूपर याने १८२९ मध्ये स्तनाच्या आजारांवर सचित्र ग्रंथ काढला आणि कर्करोग नसलेले आजार त्यात नीट वेगळे मांडले. प्रत्येक गाठ म्हणजे मरण नव्हे, हे कोणीतरी चित्रं काढून सांगणं गरजेचं होतं. आजही आहे.

पण गाठ ओळखणारा हात असून भागत नाही. बाईने ती दाखवायला हवी. आणि इथे गोष्ट मुंबईत येते.

१८८० च्या दशकात आपल्याकडे अडचण हीच होती, की पुरुष डॉक्टरला शरीर दाखवायचं नाही म्हणून बायका घरातच मरत होत्या. मुंबईत सोराबजी शापूरजी बंगाली आणि जॉर्ज किट्रेज नावाचा अमेरिकन व्यापारी यांनी त्यासाठी निधी उभा केला. इंग्लंडहून डॉ. एडिथ पीची १८८३ मध्ये मुंबईत आल्या. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून कामा हॉस्पिटल उभं राहिलं आणि १८८६ मध्ये सुरू झालं. बायकांसाठी, आणि तपासणाऱ्या डॉक्टरही बायकाच. त्याच १८८३ सालात आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेला निघण्याआधी सेरामपूरच्या जाहीर भाषणात हेच सांगितलं होतं, की या देशाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे. आनंदीबाई डॉक्टर होऊन परत आल्या, पण १८८७ मध्ये गेल्या, प्रॅक्टिस करायला त्यांना वेळच मिळाला नाही. रखमाबाई मात्र लंडनहून शिकून १८९४ मध्ये परत आल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी कित्येक वर्षं बायकांना तपासलं.

आपण या बायकांचे फोटो आठ मार्चला स्टेटसला ठेवतो. पण त्या काय मागत होत्या? एक बंद खोली आणि एका शिकलेल्या बाईचा हात. आमच्या शिबिरात तेवढंच नव्हतं.

आता दुसरी बाजू बघू. आक्काने गाठ का लपवली? लाज होतीच. पण भीतीही होती, "दाखवलं की कापून टाकतात." ही भीती हवेतून आलेली नव्हती.

अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड या सर्जनने १८८२ पासून एक मोठी शस्त्रक्रिया सुरू केली आणि १८९४ मध्ये तिचे निष्कर्ष छापले. त्यात पूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं काढायचं. बाईच्या बरगड्यांवर नुसती कातडी राहायची, हात सुजायचा. त्या काळात गाठी फार मोठ्या झाल्यावर बायका यायच्या, त्यामुळे या शस्त्रक्रियेने काहींचा फायदाही झाला. पण पुढची सत्तर-ऐंशी वर्षं लहान गाठ असो की मोठी, बहुतेक ठिकाणी हाच एक मार्ग राहिला.

त्याहून वाईट पद्धत म्हणजे 'एकाच भुलीत सगळं'. बाईला गाठीचा तुकडा काढायला म्हणून टेबलवर घ्यायचे, भूल द्यायचे, तुकडा लगेच तपासायचे आणि कर्करोग निघाला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकायचे. जाग आल्यावर बाई हात लावून बघायची, आहे की गेला. रोझ कुशनर नावाच्या अमेरिकन पत्रकार बाईला १९७४ मध्ये स्वतःला गाठ लागली. आधी फक्त तुकडा तपासा, मग मला सांगा, मग आपण ठरवू, एवढीच तिची मागणी. पण ते मान्य करणारा सर्जन शोधताना तिची दमछाक झाली. तिने त्यावर पुस्तक लिहिलं, सरकारी समित्यांपुढे भांडली. अखेर १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ बैठकीने मान्य केलं, की तपासणी आणि शस्त्रक्रिया हे दोन वेगळे टप्पे असावेत. इटलीतले उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेतले बर्नार्ड फिशर यांच्या अभ्यासांनी पुढे दाखवून दिलं, की लवकर सापडलेल्या गाठीत पूर्ण स्तन काढण्याची गरज नसते. गाठ काढून रेडिएशन दिलं तरी बायका तितक्याच जगतात.

आक्काला हे कोणी सांगितलं असतं तर? वेरोनेसींचे निष्कर्ष १९८१ मध्ये छापले गेले. म्हणजे जग बदलत होतं तेव्हाच आक्का धोतराची घडी बदलत होती.

आता आजची तपासणी कशी होते ते थोडं सांगते, कारण हेच आपल्याला कोणी सांगत नाही.

नीट तपासणी म्हणजे आधी नजरेने बघणं. बाईला बसवतात. हात खाली, मग हात कमरेवर दाबून, मग हात वर. दोन्ही बाजू सारख्या आहेत का, कातडीला खळगा पडतोय का, संत्र्याच्या सालीसारखी दिसतेय का, बोंड आत ओढलं गेलंय का. मग झोपवून, त्या बाजूचा हात डोक्याखाली ठेवून, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी आधी हलकं, मग जरा दाबून, मग खोल, पट्ट्या-पट्ट्याने पूर्ण भाग तपासायचा. शेवटी काख आणि गळ्याच्या हाडाच्या वरची जागा. काही मिनिटांचं काम. पण ही मिनिटं लागतातच, टेबलवरून बघून होत नाही.

गाठ लागली तर पुढे सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि गरज असेल तर सुईने तुकडा काढून तपासणी. हात, चित्र आणि सुई, तिघांचं एकमत झालं की निदान पक्कं. साधारण चाळिशीच्या आत स्तन घट्ट असल्याने मॅमोग्राफीत नीट दिसत नाही, म्हणून सोनोग्राफी आधी करतात.

आणि बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितेय. तरुण मुलींमध्ये गुळगुळीत, बोटाखालून निसटणारी गाठ बऱ्याचदा फायब्रोॲडेनोमा असते. चाळिशीच्या आसपास पाण्याच्या गाठी होतात. पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना दुखणं, जड वाटणं हे तर फारच नेहमीचं. बाळाला पाजणाऱ्या बाईचं थान लाल होऊन ठणकतं, ताप येतो, तेव्हा बायका नजर उतरवत बसतात. तिथे औषध लागतं आणि पू झाला तर तो काढावा लागतो, पण तो कर्करोग नव्हे. इंग्लंडच्या शेजारच्या वेल्समधल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये एक साधी गोष्ट नीट मांडली. वयात येणं, दर महिन्याची पाळी, बाळंतपण, पाळी जाणं, या सगळ्यात स्तन बदलत असतो आणि आपण ज्यांना आजार म्हणतो त्यातले बरेचसे म्हणजे याच बदलांची थोडी वाकडी पडलेली पावलं. त्यांना आजार म्हणून घाबरवू नका.

पण उलटी चूक जीवघेणी. "दुखत नाही म्हणजे काही नाही" ही आक्काची समजूत आजही घरोघरी आहे. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. दुखतं म्हणून बाई डॉक्टरकडे जाते आणि ते साधं निघतं, दुखत नाही ती गाठ घरात वाढते. टणक, कडा नीट न लागणारी, हलत नाही अशी गाठ, बोंडातून आपोआप येणारं रक्तासारखं पाणी, काखेतली गाठ, कातडीचा खळगा, यातलं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही. पाजणाऱ्या बाईची सूजही उपचाराने उतरली नाही तर पुन्हा दाखवायची.

माझंच सांगते. शिबिराच्या त्या कागदावर विश्वास बसेना म्हणून मी तालुक्याच्या एका डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी दहा मिनिटं तपासलं आणि उजवीकडे वाटाण्याएवढी गाठ त्यांच्या बोटाला लागली. सोनोग्राफीत पाण्याची गाठ निघाली, साधी. मी रस्त्यावर येऊन टपरीवर चहा प्यायले आणि तिथेच रडले. पण घरातल्या फाईलमध्ये कागद काय म्हणत होता? 'नॉर्मल'. माझी गाठ साधी निघाली हे माझं नशीब. त्या दीडशे बायकांपैकी प्रत्येकीच्या नशिबावर आपण सोडायचं का?

आता मुंबईचा अभ्यास.

मॅमोग्राफीची मशीन महाग, ती चालवायला आणि चित्र वाचायला तज्ज्ञ लागतात. ती प्रत्येक गावात पोचणार नाही, हे टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांना दिसत होतं. त्यांनी प्रश्न विचारला, की नुसत्या शिकलेल्या हाताने जीव वाचतील का? १९९८ मध्ये काम सुरू झालं. मुंबईतल्या २० वस्त्या निवडल्या, ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायका. दहा वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी एकदा अशी चार वेळा हाताने स्तन तपासणी, आणि सोबत गर्भाशयमुखाची तपासणी. उरलेल्या दहा वस्त्यांमध्ये कर्करोगाची माहिती दिली आणि पुढे पाठपुरावा ठेवला.

तपासणाऱ्या कोण? डॉक्टर नाहीत. किमान दहावी शिकलेल्या बायका, चार आठवड्यांचं प्रशिक्षण दिलेल्या. आपल्या आशाताईंसारख्याच म्हणा ना.

वीस वर्षांच्या नोंदींनंतर निष्कर्ष २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापले गेले. तपासणी झालेल्या वस्त्यांमध्ये कर्करोग लवकर सापडले. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणाऱ्यांचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आलं. ५० आणि त्यापुढच्या वयाच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी दिसले.

फुगवून सांगायचं नाही म्हणून हेही लिहिते. सगळ्या वयांचा एकत्र हिशोब केला तर घट १५ टक्के होती आणि ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्की ठरली नाही. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. आणि दुसऱ्या दहा वस्त्यांमधल्या बायकांना तपासणीशिवाय ठेवणं योग्य होतं का, विशेषतः गर्भाशयमुखाच्या बाबतीत, यावर नंतर बराच वादही झाला. तो प्रश्न रास्त आहे. त्या बायकांचं आपल्यावर ऋण आहे असं मला वाटतं. म्हणूनच त्यांच्याकडून मिळालेलं ज्ञान वापरलं नाही, तर ते जास्त मोठं पाप.

काही जणी म्हणतील, आपण घरी स्वतःच तपासलं की झालं. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांमधल्या दोन लाख ६६ हजार कामगार बायकांवर हाच प्रयोग झाला. निम्म्या बायकांना स्वतपासणी शिकवली. २००२ मध्ये निष्कर्ष आले. मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींसाठी सुया आणि शस्त्रक्रिया मात्र वाढल्या. याचा अर्थ स्वतःकडे बघू नका असा नाही. आपलं अंग आपल्याला माहीत असावं, बदल दिसला की जावं. पण सरकारने "घरीच बघा" असं पोस्टर लावून हात झटकावेत, हे चालणार नाही. घरच्या आरशाने शिकलेल्या हाताची जागा घेता येत नाही.

सरकारने तसं म्हटलेलंही नाही, हे खरं. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाच्या २०१६ च्या आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी हाताने स्तन तपासणी करायची असं लिहिलंय. कागद चांगला आहे. पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, की आजवर एकदा तरी स्तन तपासणी झाली का? देशभरात 'हो' म्हणणाऱ्या फक्त ०.९ टक्के. शंभरात एकही नाही. आणि आपल्या देशात २०२२ या एका वर्षात सुमारे एक लाख ९२ हजार बायकांना हा आजार झाला आणि साधारण ९८ हजार गेल्या, असा जागतिक अंदाज आहे.

आता या टक्केवारीत भर पडेल बघा. शिबिरं होतायत, रकाने भरतायत. मला भीती तीच आहे. तपासणी न होता आकडा वाढला तर पुढच्या पाहणीत आपण फार छान दिसू, आणि आक्का मात्र तशीच मरत राहील, फाईलमध्ये 'नॉर्मल' असा कागद घेऊन.

म्हणून आपल्या गावापुरतं, आपल्या वॉर्डापुरतं मी हे मागतेय.

पहिलं, पडदा किंवा बंद खोली नसेल तर त्या शिबिराच्या कागदावर स्तन तपासणीचा रकाना भरू नका. 'झाली नाही' असं लिहा. ते लिहायला लाज वाटू नये. खोटं 'नॉर्मल' लिहायला वाटावी.

दुसरं, गावाच्या आरोग्य समितीकडे अबंधित निधी येतो. एक घडीचा पडदा आणि एक तपासणीचं टेबल त्यात बसतं. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मी लेखी देणार आहे. सोबत सही करायला दहा बायका हव्यात. पुरुषांच्या सह्याही चालतील, उलट हव्याच आहेत.

तिसरं, सिस्टर आणि आशाताईंना खरं प्रशिक्षण द्या, मुंबईत दिलं होतं तसं. एका दुपारच्या मीटिंगमधल्या स्लाईडवर हात शिकत नाही. आणि त्यांना गाठ लागली तर त्या बाईला कुठे, कोणत्या दिवशी, कोणाकडे पाठवायचं, हे लिहून भिंतीवर लावा. गाठ सापडून बाई एस.टी. स्टँडवरच हरवली तर त्या तपासणीचा काय उपयोग?

चौथं बायकांना. पुढच्या शिबिरात तुमच्या कागदावर न तपासता 'नॉर्मल' लिहिलं, तर तिथेच विचारा, "सिस्टर, तपासलं कधी?" भांडू नका, तिचीही अडचण असते. पण विचारा. पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या आईला, सासूला, मावशीला, काकूला हाताला धरून घेऊन जा. त्या स्वतःहून जाणार नाहीत, मला माहितीय.

मी माझा शिबिराचा कागद सिस्टरना परत नेऊन दाखवला. त्यांनी तो बघितला, इकडे-तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "ताई, खरं सांगू का, माझी स्वतःची तपासणी पण कधी झाली नाही."

ग्रामसभेच्या अर्जावर पहिली सही त्यांची आहे. दुसरी माझी. तिसरी जागा रिकामी आहे. कमेंटमध्ये नाव लिहा, मी अर्ज घेऊन घरी येते.